बार्डचं गाणं: पाथफाइंडरमध्ये ‘करेजियस अँथम’ नीट कसं वापरायचं

पाथफाइंडर या टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र, घेऊन खेळायला बसलेल्या नव्या खेळाडूचा चेहरा साधारण तिसऱ्या लढाईत पडतो. फायटरनं एका वारात ओगरला आडवं केलेलं असतं, विझर्डनं चार गॉब्लिन एकदम भाजून काढलेले असतात, आणि आपण काय केलं असं विचारलं तर उत्तर एकच: गाणं म्हटलं. कॅरेक्टर शीटवर त्या गाण्यासमोर आकडाही केवढा, तर अधिक एक. मग चौथ्या लढाईत तो गाणं सोडून धनुष्य उचलतो, आणि पार्टीचे वार हुकायला लागतात तेव्हा कारण कुणाच्याच लक्षात येत नाही.

हा लेख त्या खेळाडूसाठी आहे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत हा अधिक एक टेबलावरच्या सगळ्यात मोलाच्या आकड्यांपैकी आहे. फक्त तो दुसऱ्यांच्या फाशांवर पडतो, आपल्या नाही. म्हणून तो कधी आणि कसा वापरायचा हे जसं शिकायचं, तसंच तो सगळ्यांना दिसेल असं खेळायचंही शिकावं लागतं.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

पाथफाइंडर हा पायझो या अमेरिकन कंपनीचा गेम. पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी ऑगस्ट २०१९ ची. २०१९ च्या पुस्तकात या गाण्याचं नाव ‘इन्स्पायर करेज’ होतं. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खुल्या परवान्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा पायझोनं आपले नियम त्या परवान्यातून बाहेर काढायचं ठरवलं. त्यातून नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘प्लेअर कोअर’ हे नवं पुस्तक आलं आणि बऱ्याच स्पेलची, म्हणजे मंत्रांची, नावं बदलली. इन्स्पायर करेजचं झालं ‘करेजियस अँथम’. काम तेच राहिलं. जुना व्हिडिओ बघताना किंवा कुणाची जुनी शीट वाचताना ‘इन्स्पायर करेज’ दिसलं तर गोंधळू नका.

पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर सगळे नियम पायझोच्या परवानगीनं मोफत वाचायला मिळतात, जुने आणि नवे दोन्ही. पुण्यात बसून टेबलावर खेळा किंवा तिघे तीन देशांत असताना ऑनलाइन, बार्ड खेळायला सुरुवातीला एवढं पुरतं. बिगिनर बॉक्स या नवख्यांसाठीच्या संचात मात्र बार्ड शोधू नका. त्यात फायटर, क्लेरिक, रोग (चोरटा लढवय्या) आणि विझर्ड एवढेच आहेत.

आणि बार्ड म्हणजे कोण? आपल्याकडचा जवळचा माणूस म्हणजे शाहीर. डफावर थाप देऊन एक जण पोवाडा म्हणतो आणि स्फुरण ऐकणाऱ्याला चढतं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर या गाण्याचा नियम पाठ करावा लागत नाही.

पहिली पायरी: कॅरेक्टर बनवताना

करिश्मा +४. यात तडजोड नको, कारण तुमचे स्पेल, तुमचं गाणं, धमकावणं, बोलणं सगळं करिश्मावर चालतं. त्याखालोखाल डेक्स्टेरिटी, मग कॉन्स्टिट्यूशन आणि विस्डम. बार्डला लेव्हलमागे ८ हिट पॉइंट मिळतात आणि हलकं चिलखत घालता येतं. म्हणजे तो अगदी नाजूक नाही, पण पुढच्या रांगेत उभा राहायलाही बनलेला नाही.

मग म्यूज निवडायचा असतो, म्हणजे तुमच्या कलेची प्रेरणा कुठून येते ते. एनिग्मा, मायस्ट्रो, पॉलिमॅथ आणि वॉरियर असे चार पर्याय मुख्यतः दिसतील. करेजियस अँथम चौघांनाही पहिल्या लेव्हलपासून मिळतं. तरी पहिल्यांदा खेळणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: मायस्ट्रो घ्या. त्यासोबत ‘लिंगरिंग कॉम्पोझिशन’ मिळतं, ते गाण्याला लांबवतं, आणि ते हाती असलं की बार्डच्या हातापायांतल्या बेड्या सुटतात. शिवाय ‘सूद’ हा जखमा भरून काढणारा स्पेलही मिळतो. वॉरियर म्यूज मलाही आवडतो, पण तो दुसऱ्या कॅरेक्टरसाठी ठेवा.

स्किलमध्ये परफॉर्मन्स, इंटिमिडेशन आणि डिप्लोमसी. इंटिमिडेशन का, ते पुढे येईलच.

वाद्य घ्यायचं की नाही हा प्रश्न नव्या खेळाडूला फार छळतो. हातात धरायचं साधं वाद्य ८ चांदीच्या नाण्यांना मिळतं आणि परफॉर्मन्सच्या रोलवर काहीही वाढवत नाही. उत्तम प्रतीचं, ज्याला पुस्तकात व्हर्चुओसो म्हटलंय, ते ५० सोन्याचं आणि रोलवर +१ देतं. सुरुवातीला तुमच्याकडे सोनं असतं १५. तेव्हा पहिल्या लेव्हलला गळ्यावर भागवा. गळ्याला हात लागत नाहीत, दोन्ही हात धनुष्याला मोकळे राहतात.

दुसरी पायरी: गाणं नेमकं काय करतं

एक ॲक्शन खर्च करायची. तुमच्याभोवती ६० फुटांच्या परिसरात, म्हणजे नकाशावर बारा चौकोनांत, तुम्ही स्वतः आणि तुमचे सगळे साथीदार यांना तीन गोष्टी मिळतात: वार लागतो का ते पाहायच्या रोलवर +१, डॅमेजच्या रोलवर +१, आणि भीती घालणाऱ्या परिणामांविरुद्धच्या सेव्हवर, म्हणजे तो परिणाम टाळायच्या रोलवर, +१. टिकतं एक राउंड, म्हणजे तुमची पुढची टर्न सुरू होईपर्यंत.

हा कॅन्ट्रिप आहे, म्हणून संपत नाही. दिवसभर गा. साधं गाण्यासाठी फासाही टाकायचा नसतो, गायलं की लागू. शत्रूला सेव्ह नाही, तुमचा रोल नाही, हुकणं नाही. या गेममध्ये इतकी खात्रीची गोष्ट फार थोड्या ॲक्शनमध्ये मिळते.

दोन बारकावे इथेच सांगतो. एक, हा परिणाम मनावर होतो. ज्याला मन नाही त्याला गाणं लागत नाही. रेंजरचा लांडगा किंवा अस्वल यांना बोनस मिळतो. साथीदारानं बोलावलेल्या बिनडोक झाँबीला मिळत नाही. दोन, गाताना हातवारे करावे लागत नाहीत, म्हणून शत्रू अगदी शेजारी उभा असला तरी गाण्यामुळे त्याला ‘रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्राइक’ मारायची संधी मिळत नाही. तुमचे दोन ॲक्शनचे बहुतेक स्पेल मात्र ती संधी देतात. घेरले गेलात तर हा फरक जीव वाचवतो.

एखादा साथीदार तुम्ही गाताना ६० फुटांच्या बाहेर होता आणि नंतर आत आला, तर त्याला बोनस मिळतो का? याचं उत्तर टेबलागणिक वेगळं देतात. पहिल्या सेशनच्या आधी जीएमला (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विचारून ठेवा, म्हणजे ऐन लढाईत वाद नको.

तिसरी पायरी: त्या एकाचा हिशोब

हा भाग सावकाश वाचा, कारण बार्डवरचा विश्वास इथे बसतो.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत शत्रूच्या एसीपेक्षा (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) दहानं जास्त आकडा आला की तो क्रिटिकल हिट, आणि डॅमेज दुप्पट. म्हणजे बोनसमधला प्रत्येक आकडा दोनदा कामाला येतो: हुकणारा एक आकडा लागणारा होतो आणि साधा लागणारा एक आकडा क्रिट होतो.

उदाहरण घेऊ. पहिल्या लेव्हलचा चॅम्पियन, हातात लाँगसोर्ड, वाराचा बोनस +७, डॅमेज एक डी८, म्हणजे आठ बाजूंचा फासा, अधिक ४. सरासरी साडेआठ. समोरच्याचा एसी १७. म्हणजे त्याला फाशावर १० किंवा जास्त हवेत. वीस वार धरा, फाशाची प्रत्येक बाजू एकदा. १० ते १९ हे दहा आकडे साधे लागतात, त्यांचे झाले ८५. २० ला क्रिट, त्याचे १७. एकूण १०२.

आता गाणं सुरू आहे. ९ ला वार लागतो आणि १९ लाही क्रिट होतो. साधे लागणारे पुन्हा दहाच, पण प्रत्येकी साडेनऊ, म्हणजे ९५. क्रिट दोन, प्रत्येकी १९, म्हणजे ३८. एकूण १३३.

१०२ चे १३३. सुमारे तीस टक्के वाढ, एका ॲक्शनमध्ये, आणि ती एका चॅम्पियनची नव्हे. फायटर, रोग, रेंजरचा लांडगा अशा पार्टीतल्या प्रत्येक वार करणाऱ्याची. बार्डनं तीच ॲक्शन खर्चून धनुष्याचा एक बाण मारला असता तर यातला छोटासा तुकडाच हाती लागला असता.

लेव्हल वाढत जाते तसं डॅमेजमधल्या +१ चं वजन कमी होतं, हे खरं. वाराच्या रोलमधल्या +१ चं मात्र कमी होत नाही, कारण क्रिटची दुप्पट तेव्हा मोठ्या आकड्याची असते.

चौथी पायरी: तीन ॲक्शन कोणत्या क्रमानं

प्रत्येक टर्नला तीन ॲक्शन. एक गाण्याला दिली की दोन उरतात. बार्डची सगळी कला या उरलेल्या दोनांत आहे.

सर्वांत आधी माझ्याकडून झालेली चूक सांगतो. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये मी कित्येक सेशन आधी बाण मारायचो आणि टर्नच्या शेवटी गायचो. मला वाटायचं, गाणं शेवटी म्हटलं की साथीदारांना ताजं मिळेल. पण गाणं माझ्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला संपतं. म्हणजे मी बाण मारताना ते कायम संपलेलं असायचं, आणि माझ्या एकाही बाणाला माझ्याच गाण्याचा फायदा कधी झाला नाही. साथीदारांना आधी गायलं काय, नंतर गायलं काय, तेवढंच मिळतं. तेव्हा गाणं पहिलं, बाकी सगळं नंतर.

याला एक अपवाद आहे. साथीदार साठ फुटांत नसतील तर आधी चाला, मग गा.

उरलेल्या दोन ॲक्शनसाठी सगळ्यात भक्कम सवय म्हणजे दोन ॲक्शनचा एक स्पेल. कुणी जखमी असेल तर सूद: पहिल्या लेव्हलला एक डी१० अधिक ४ हिट पॉइंट परत मिळतात. मोठा शत्रू असेल तर ‘फिअर’. काहीच खर्चायचं नसेल तर ‘टेलिकायनेटिक प्रोजेक्टाइल’ हा कॅन्ट्रिप; त्याच्या वाराच्या आणि डॅमेजच्या रोललाही तुमच्या गाण्याचा +१ मिळतो, हे बरेच जण विसरतात.

दुसरी वाट म्हणजे एक ॲक्शन धमकावण्याला आणि एक चालण्याला. ‘डिमॉरलाइझ’ ३० फुटांतल्या शत्रूवर इंटिमिडेशनचा रोल मागतं. जमलं तर शत्रू ‘फ्रायटन्ड १’ होतो आणि त्याच्या सगळ्या रोलसकट एसीही एकानं उतरतो. त्याला तुमची भाषा कळत नसेल तर रोलवर उणे ४ बसतात. एकदा प्रयत्न केला की त्याच शत्रूवर दहा मिनिटं पुन्हा करता येत नाही, तेव्हा निशाणा विचारपूर्वक निवडा.

आता मघाचा चॅम्पियन पुन्हा आणा. गाण्याचा +१ आहे. धमकावल्यानं शत्रूचा एसी एकानं खाली आलाय. समोरून रोगनं जागा धरल्यामुळे दोघांनी मिळून शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरलंय, त्याचे उणे २. फाशावर १० हवे होते, आता ६ पुरतात, आणि १६ पासून क्रिट. वीस वारांचा हिशोब: दहा साधे, त्यांचे ९५, पाच क्रिट, त्यांचेही ९५. एकूण १९०. सुरुवातीला १०२ होते.

हे वेगवेगळ्या जातीचे बोनस असल्यामुळे एकमेकांवर चढतात, आणि इथेच नव्या बार्डची दुसरी मोठी चूक होते. गाण्याचा +१ ‘स्टेटस’ जातीचा आहे. एकाच जातीचे दोन बोनस एकत्र मोजत नाहीत, मोठा असेल तोच धरतात. क्लेरिकचा ‘ब्लेस’ही वाराला स्टेटस +१ देतो. ‘गायडन्स’ही त्याच जातीचा, ‘हिरोइझम’ही. म्हणजे क्लेरिकनं ब्लेस टाकला आणि तुम्ही गाणं म्हटलं तर वाराला +२ होत नाही. +१ च राहतो, आणि क्लेरिकचा स्पेल जवळजवळ वाया जातो. सेशन शून्यलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, क्लेरिक खेळणाऱ्याशी हे बोलून घ्या. त्यानं ब्लेसऐवजी दुसरं काही तयार केलं तर पार्टीचा दुहेरी फायदा. त्याला न सांगता ऐन लढाईत त्याचा स्पेल फुकट गेला, तर ते त्याला लागतं.

पाचवी पायरी: गाणं लांबवणं

दर टर्नला एक ॲक्शन देत राहिलात तर तुम्ही कायम दोन ॲक्शनचे राहाल. लिंगरिंग कॉम्पोझिशन यावरचा उपाय आहे.

पद्धत अशी. गायच्या लगेच आधी, फुकटच्या ॲक्शनमध्ये तुम्ही सांगता की हे गाणं मी लांबवतोय. मग परफॉर्मन्सचा रोल. डीसी, म्हणजे रोलनं गाठायचा आकडा, ठरतो तुमच्या गाण्याखाली येणाऱ्या सगळ्यात वरच्या लेव्हलच्या साथीदारावरून; सगळे पहिल्या लेव्हलचे असाल तर १५. तुमचा बोनस करिश्मा ४, प्रशिक्षण २, लेव्हल १ मिळून +७. फाशावर ८ आले की जमलं. जमलं तर गाणं तीन राउंड टिकतं, २५ गाठले तर चार. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडला तुमच्या तिन्ही ॲक्शन मोकळ्या आणि पार्टीचा +१ चालूच.

न जमलं तर? गाणं नेहमीसारखं एक राउंड चालतं आणि तुमचा फोकस पॉइंट, म्हणजे अशा खास जादूसाठी मिळणारा मोजका पॉइंट, खर्च होत नाही. ही ओळ दोनदा वाचा. फसण्याची किंमतच नाही. पुढच्या टर्नला पुन्हा प्रयत्न करा. नवे खेळाडू ‘मोठ्या लढाईसाठी ठेवतो’ म्हणून पॉइंट राखून बसतात आणि सेशन संपतं तेव्हा दोन्ही पॉइंट तसेच.

मायस्ट्रोकडे सुरुवातीला दोन फोकस पॉइंट असतात. एक लिंगरिंगला, दुसरा ‘काउंटर परफॉर्मन्स’साठी हाताशी ठेवा: शत्रूची किंकाळी किंवा डोळे दिपवणारी जादू पार्टीवर आली तर तुमचा परफॉर्मन्सचा रोल साथीदारांच्या सेव्हच्या जागी वापरता येतो. लढाईनंतर दहा मिनिटं रियाज केला की एक पॉइंट परत येतो. नव्या नियमांत आणखी दहा मिनिटं दिली की दुसराही. त्यामुळे ‘आपण थोडं थांबू या का?’ हे वाक्य म्हणायला बार्डनं लाजायचं नाही.

गाणं लांबवलंय तोवर एक पथ्य पाळा. एका वेळी तुमची एकच रचना (अँथमसारखं जादूचं गाणं) चालू राहते. तीन राउंडचं करेजियस अँथम सुरू असताना मोहात पडून दुसरी रचना गायलात तर पहिली तिथेच थांबते. एका टर्नमध्ये दोन रचनाही गाता येत नाहीत.

पहिला राउंड

लढाईचा पहिला राउंड बार्डसाठी सगळ्यात अवघड, कारण क्रम तुमच्या हातात नसतो. फायटर तुमच्या आधी आला तर त्याचे वार गाण्याशिवाय जातात. बार्डचं परसेप्शन सुरुवातीपासूनच चांगलं असतं, त्यामुळे तुम्ही बरेचदा वर येता. पण नाही आलात तर फायटरला ‘डिले’ सुचवा: तो आपली टर्न तुमच्या नंतरवर ढकलू शकतो. शत्रू मधे येऊन वार करणार असेल तर मात्र हा सौदा महाग पडतो; अंदाज घेऊन बोला, आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

शत्रू साठ-सत्तर फूट लांब असतील आणि पहिल्या राउंडला तुमच्याकडून कुणीच वार करणार नसेल तर गाऊ नका. ती ॲक्शन आडोसा गाठायला वापरा. गाण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तुमची पुढची टर्न येईपर्यंत कुणीतरी फासा टाकणार आहे. समोर भीती घालणारा ड्रॅगन असेल तेव्हा मात्र सगळ्यात आधी गा, कारण तेव्हा सेव्हवरचा +१ सगळ्यांनाच लागणार असतो.

दार उघडायच्या आधीच गात उभं राहायचं का, असं नवे खेळाडू विचारतात. पार्टी लपतछपत चालली असेल तर नको. उघड्यावर चालली असेल तर जीएमला विचारा.

टेबलावर गाणं दिसलं पाहिजे

मला या गेममध्ये सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं ते हे. दुसऱ्यांच्या लक्षात न राहिलेला बोनस म्हणजे न मिळालेला बोनस. फायटर स्वतःच्या बोनसची बेरीज करताना तुमचा एक विसरणारच. त्याच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.

म्हणून एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड करा. मोठ्या अक्षरांत लिहा: ‘गाणं चालू: वार +१, डॅमेज +१, भीतीवरचा सेव्ह +१’. गायलात की ते टेबलाच्या मध्यभागी उभं करा, संपलं की आडवं. लांबवलं असेल तर त्यावर तीनवर आणलेला एक फासा ठेवा आणि तुमच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला एकानं उतरवा. ऑनलाइन खेळत असाल आणि सॉफ्टवेअर आपोआप बोनस लावत असेल, तरी राउंड संपल्यावर तो निघाला का ते बघा.

आणि कुणाचा वार नेमका एकानं लागला की मोठ्यानं बोला. जीएम म्हणतो, ‘१७ ना? लागला.’ तेव्हा तुम्ही सांगायचं, ‘गाण्याशिवाय १६ होता.’ फायटर खेळणारा पुढच्या वेळी स्वतः विचारतो, ‘गाणं चालू आहे ना?’ ते ऐकलं की बार्ड खेळल्याचं सार्थक होतं.

गाताना दर वेळी कविता म्हणायची गरज नाही, पण काहीच न बोलता ‘मी अँथम टाकतो’ एवढंच म्हणणंही या कॅरेक्टरवर अन्याय आहे. एक ध्रुवपद ठरवून घ्या, दोन ओळींचं, स्वतःचं. लढाई सुरू झाली की ते म्हणा. पुढच्या राउंडला एका साथीदाराचं नाव घेऊन त्यानं मघाशी काय केलं ते एका वाक्यात गुंफा: ‘पुलावर एकटा उभा राहिला, ऐका त्याची गोष्ट.’ मराठी टेबलावर हे मराठीतच करा. आपल्या भाषेत ललकारी द्यायला शब्द शोधावे लागत नाहीत, आणि लाजणारे साथीदारही दुसऱ्या सेशनपर्यंत मागून ‘जी जी’ म्हणायला लागतात.

पुढच्या लेव्हलना काय घ्यायचं

चौथ्या लेव्हलला ‘ट्रिपल टाइम’ दिसेल, त्यानं साथीदारांचा वेग १० फुटांनी वाढतो. मोठ्या मैदानात लढणारी पार्टी असेल तर घ्या, एरवी सोडलं तरी चालेल. ‘रॅलीइंग अँथम’ हे बचावाचं गाणं आहे: एसी आणि सेव्हवर +१, शिवाय शरीराला होणाऱ्या इजेत थोडी घट. वार करायची वेळ संपून जीव वाचवायची वेळ येते तेव्हा ते सोनं वाटतं. क्लेरिकनं ब्लेस टाकायचाच हट्ट धरला तर वाद घालू नका, तुम्ही हे गाणं गा.

सहाव्या लेव्हलचं ‘डर्ज ऑफ डूम’ चुकवू नका. ३० फुटांतले शत्रू फ्रायटन्ड १ होतात, त्यांना सेव्हही नाही. अधिक एकाचं गाणं गावं की उणे एकाचं, हा प्रश्न तिथून दर लढाईत पडतो. तुमच्याकडे वार करणारे जास्त आणि शत्रू एकच थोराड असेल तर मी डर्ज निवडतो, कारण त्यानं शत्रूचे स्वतःचे वारही कमजोर होतात. शत्रू विखुरलेले असतील तर अँथम. त्याच लेव्हलला ‘हार्मोनाइझ’ही मिळू शकतं, त्यानं दोन रचना एकाच वेळी चालू ठेवता येतात: अँथम खाली वाजत राहतं आणि वरून डर्ज. मात्र त्यात ॲक्शन भराभर संपतात, म्हणून मोठ्या शत्रूसाठीच.

आठव्या लेव्हलला ‘फोर्टिसिमो कॉम्पोझिशन’. रोल लिंगरिंगसारखाच परफॉर्मन्सचा, पण डीसी त्याहून अवघड, आणि राउंड वाढत नाहीत. बोनसच +२ होतो, फार चांगला रोल आला तर +३. फसला तर नेहमीचा +१ आणि पॉइंट शिल्लक. लिंगरिंग आणि फोर्टिसिमो दोन्ही एकाच गाण्यावर लावता येत नाहीत, कारण दोघांनाही गाण्याच्या लगेच आधीची जागा हवी असते. माझा क्रम असा: लढाई लांबणार असं दिसलं तर पहिल्या राउंडला लिंगरिंग, आणि समोरचा मुख्य शत्रू घेरला गेला, घाबरला, आणि माझ्यामागून लगेच फायटर आणि रोग यांच्या टर्न येणार असल्या, की त्या एका राउंडसाठी फोर्टिसिमो. लिंगरिंगचे उरलेले राउंड तेव्हा सोडून द्यावे लागतात. सोडा. तीन अधिक मिळालेला फायटर काय करतो ते एकदा टेबलावर पाहा, आणि कार्डावरचा १ खोडून तिथे ३ लिहा.